बातमीतला मावेजा आणि निवाड्यातला मावेजा

सोलापूरहून तुळजापूरला निघाले की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लवकरच तामलवाडी लागते. इथला टोलनाका सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रस्त्याच्या चौपदरीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना मावेजा या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा ८४.४४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग याच पट्ट्यातून होतो आहे आणि शक्तिपीठ महामार्गाची चर्चा धाराशिव जिल्हाभर आहे. त्यामुळे सकाळी पेपर उघडला की मावेजाचा काही ना काही आकडा समोर येतो. कधी ‘पाचपट’, कधी ‘चारपट’, कधी ‘हेक्टरी अमुक हजार’. महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्यक्ष कागद हातात पडतो तेव्हा त्यावरचा आकडा निराळा असतो, आणि मग पारावर एकच वाद रंगतो: पेपरवाल्याने खोटे छापले की साहेबाने पैसे खाल्ले? या वादात उतरण्याआधी एक गोष्ट करावी, असे मी आग्रहाने सांगेन. भूसंपादन अधिकाऱ्याने दिलेला मावेजाचा निवाडा वाचावा, त्याची तारीख बघावी, आणि आपले भांडण कोणाशी आहे हे त्यावरून ठरवावे. बातमी चुकली असेल तर त्याचा मार्ग एक आहे, निवाडा चुकला असेल तर दुसरा. दोन्हींच्या मुदती वेगळ्या आहेत, आणि दुसरी मुदत हुकली तर पहिल्या भांडणात जिंकूनही पदरात छदाम पडत नाही.

‘पाचपट’ हा शब्दच घेऊ. मावेजाच्या बातम्यांतला सर्वांत जास्त गोंधळ त्याने घातला आहे. भूसंपादनाचा सध्याचा कायदा २०१३ चा, १ जानेवारी २०१४ पासून लागू. त्यात आधी जमिनीचे बाजारमूल्य ठरते: मागच्या तीन वर्षांत गावात किंवा लगतच्या गावात त्याच प्रकारच्या जमिनीची जी खरेदीखते नोंदली गेली, त्यांतल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, किंवा रेडीरेकनरचा दर, यांतले जे जास्त ते. ग्रामीण भागासाठी या मूल्याला एक गुणांक लावतात, तो १ ते २ च्या दरम्यान राज्य सरकार ठरवते. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. आता केवळ हिशेबासाठी धरा की एकरी बाजारमूल्य ४ लाख निघाले. गुणांक २ असेल तर ८ लाख, दिलासा रक्कम धरून १६ लाख. हे झाले चारपट. सक्तीच्या संपादनाऐवजी वाटाघाटीने थेट खरेदी झाली, तर मे २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे आणखी २५ टक्के मिळतात, म्हणजे २० लाख. समृद्धी महामार्गाच्या वेळी गाजलेले ‘पाचपट’ ते हेच. आणि राष्ट्रीय महामार्गासाठी २०२१ मध्ये राज्याने गुणांक २ वरून १ वर आणला, तो लावला की त्याच एकराचे ८ लाख होतात, म्हणजे दुप्पट. एकाच जमिनीला दुप्पट, चारपट, पाचपट हे तिन्ही शब्द लागू शकतात आणि तिन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या असू शकतात. कशाच्या पट, कोणत्या कायद्याखाली आणि संमतीने की सक्तीने, एवढे तीन शब्द मथळ्यात मावत नाहीत. तेवढ्यातच सगळी गफलत होते.

शिवाय हे पट ज्याचे मोजायचे ते बाजारमूल्य शेतकऱ्याच्या मनातल्या भावाशी क्वचितच जुळते. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत दाखवायची आणि उरलेली रोखीने द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. संपादन आले की तीच खते सरासरीत बसतात आणि गावाच्या अंगाशी येतात. याचा दोष बातमीदाराचाही नाही आणि भूसंपादन अधिकाऱ्याचाही नाही. ज्याला हे पडताळायचे आहे त्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या आणि शेजारच्या गावांची सूची दोन (नोंदलेल्या खतांचा गोषवारा) शोधून काढावी आणि अधिकाऱ्याने कोणती खते धरली, कोणती गाळली, ते निवाड्याशी ताडून बघावे. एखादे मोठ्या किमतीचे खत कारणाविना गाळलेले सापडले, तर तिथे तुमच्या दाव्याला खरा आधार मिळतो. ‘पेपरात पाचपट लिहिले होते’ या वाक्याला तसा कोणताही आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात स्पष्ट केले आहे की वर्तमानपत्रातली बातमी ही ऐकीव गोष्ट असते, तिच्यातला मजकूर स्वतंत्र पुराव्याने सिद्ध झाल्याशिवाय तिला पुरावा मानता येत नाही. लॅमिनेट करून ठेवलेली कात्रणे घेऊन वकिलाकडे जाणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेले बरे.

तामलवाडीसारख्या हद्दीवरच्या गावात आणखी एक गुंता आहे, तो आतल्या गावांना सहसा भोगावा लागत नाही. इथे सोलापूरची आवृत्तीही वाचली जाते आणि धाराशिवचीही. रेल्वेमार्ग एकच, पण तो दोन जिल्ह्यांतून जातो, आणि हे दोन जिल्हे दोन वेगळ्या महसूल विभागांत आहेत: सोलापूर पुणे विभागात, धाराशिव छत्रपती संभाजीनगर विभागात. जिल्हा बदलला की भूसंपादन अधिकारी बदलतो, दरतक्ता बदलतो, निवाड्याची तारीखही बदलते. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाला मिळालेला एकरी दर सोलापूरच्या पानावर छापून येतो, तो वाचून तुळजापूर तालुक्यातला शेतकरी आपला हिशेब मांडतो आणि फसतो. बातमी वाचताना गावाच्या नावाआधी तालुका आणि जिल्हा बघायची सवय इथे लावून घ्यायलाच हवी. दोन गावांच्या दरात अन्यायकारक तफावत असूही शकते, शिवेला शीव लागून असलेल्या एकसारख्या जमिनींना निम्मा-दुप्पट भाव मिळाला तर ती तक्रार रास्तच आहे. पण ती मांडायची तर दोन निवाड्यांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून मांडावी लागते.

अतिवृष्टीच्या मदतीत हाच घोळ वेगळ्या रूपात दिसतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्याची दैना झाली, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परांड्याने ती सर्वांत जवळून पाहिली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि कोरडवाहू शेतीला हेक्टरी ३५ हजारांहून अधिक मिळणार, अशा बातम्या झळकल्या. बातमीदाराने हा आकडा मनाने काढलेला नव्हता, तो घोषणेतलाच होता. पण त्याच्या पोटात तीन रकमा होत्या. आपत्ती मदतीच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५००, रब्बीच्या बियाण्यासाठी १० हजार, आणि पीकविम्यातून मिळतील असे गृहीत धरलेले १७ हजार. पहिली रक्कम आधी, दुसरी नंतर, आणि तिसरी कापणी प्रयोगांच्या निकालावर अवलंबून, तीही ज्याने विमा उतरवला त्यालाच. खात्यावर ८,५०० च्या हिशेबाने पैसे पडलेल्या माणसाला आपण फसवले गेलो असे वाटणारच. मात्र फसगत झाली ती ‘मिळतील’ आणि ‘मिळाले’ या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय, निधी वितरणाचा आदेश आणि खात्यावर जमा या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत आणि बातमी बहुधा पहिल्या दोनांपैकी एकीवर उभी असते. शासन निर्णयाला दिनांक आणि संकेतांक असतो, तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येतो. बातमीत तो क्रमांक किंवा निदान तारीख नसेल, तर तो आकडा घोषणेचा समजून चालावे आणि त्याच्या भरवशावर उसनवारी करू नये.

आता मुदतीकडे वळतो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. २०१३ च्या कायद्याखाली निवाडा मान्य नसेल तर कलम ६४ प्रमाणे वाढीव मावेजासाठी प्रकरण भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. निवाडा जाहीर होताना तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल तर त्या दिवसापासून ६ आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांत जे आधी संपेल ते. सबळ कारण दाखवले तर पुढे एक वर्षापर्यंत उशीर माफ करण्याची सोय आहे, पण ‘पेपरातली दुरुस्ती येण्याची वाट बघत होतो’ हे सबळ कारण ठरेल अशी आशा धरू नये. याहून घातक चूक पैसे उचलताना होते. रक्कम घेताना ‘हरकत राखून स्वीकारत आहे’ असे लिहून दिले नाही, तर कलम ७७ प्रमाणे वाढीव मावेजा मागण्याचा हक्कच संपतो. पावतीवर ती एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहा आणि पावतीची प्रत घ्या. पैसे उचलणे म्हणजे मान्य करणे नव्हे, मात्र ते कागदावर म्हणावे लागते.

नोटीस राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालची किंवा रेल्वे अधिनियमाखालची असेल तर वाट बदलते. तिथे प्रकरण केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाते, आणि लवादाच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर तीन महिने, आणि फार तर आणखी ३० दिवस, त्यापलीकडे एक दिवसही मिळत नाही. म्हणून नोटिशीच्या डोक्यावर कोणत्या कायद्याचे कोणते कलम छापले आहे, हे रकमेच्या आकड्याआधी वाचावे. थेट खरेदी आणि लोकअदालत हे दोन रस्ते लवकर पैसे देतात, त्यात वावगे काही नाही. पण खरेदीखतावर सही झाली की तुमचा भाव तुम्हीच मान्य केलेला असतो, आणि लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसते. २५ टक्के जास्त मिळतात ते या वादमुक्तीचे मोल आहे. ते घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र सही करून झाल्यावर शेजारच्या गावाला न्यायालयातून वाढीव मिळाल्याची बातमी वाचून उठणे व्यर्थ आहे. उलट २०१३ च्या कायद्याखालच्या सक्तीच्या संपादनात, त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला प्राधिकरणाने वाढवून दिले, तर स्वतः अर्ज न केलेल्यालाही कलम ७३ खाली त्या निकालापासून तीन महिन्यांत तोच दर मागता येतो. अशा निकालाची बातमी पेपरात आली तर ती सोन्याच्या मोलाची. त्या दिवशीच निकालाची नक्कल मिळवण्याच्या मागे लागावे.

यावर एक जोरदार आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. कागद बघा म्हणता, पण कागद देतो कोण? भूसंपादन शाखेत चकरा मारून चपला झिजतात, आणि हलतात ते साहेब पेपरात बातमी आली की मगच. मग बातमीत थोडे मीठ-मिरची जास्त पडले तर बिघडले कुठे? दबावाचे महत्त्व मी नाकारत नाही. धाराशिव जिल्ह्यातच २०२० च्या खरीप पीकविम्याचा लढा झाला. नुकसानीची माहिती ७२ तासांत कळवली नाही, हे कारण पुढे करून विमा नाकारला गेला. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि पैसे खात्यावर यावेत म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आमदार कैलास पाटील यांना उपोषणाला बसावे लागले. बातम्यांनी तो विषय विझू दिला नाही, हे मान्यच. पण न्यायालयात आधार झाले ते महसूल आणि कृषी खात्याचे पंचनामे, कात्रणे नव्हेत. आणि फुगवलेल्या आकड्याचा फायदा नेमका ज्याच्यावर दबाव टाकायचा त्यालाच होतो. बातमीत दहा गोष्टी खऱ्या आणि एक आकडा चुकीचा असला, की दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा खुलासा येतो तो त्या एका आकड्यावर, आणि उरलेल्या दहा गोष्टी त्याखाली गाडल्या जातात. दबाव टाकायचाच असेल तर बिनचूक आकड्याने टाका.

कागद मिळवण्याचा प्रश्नही वाटतो तितका असाध्य नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम ३७ सांगते की संपादनाच्या सगळ्या कार्यवाहीचा गोषवारा, प्रत्येक व्यक्तीला मंजूर झालेल्या रकमेसह, संकेतस्थळावर लोकांसाठी खुला ठेवायचा आहे. म्हणजे ‘ही खासगी माहिती आहे’ असे उत्तर देऊन निवाडा अडवून धरायला फारशी जागा उरत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करताना या कलमाचा उल्लेख आवर्जून करावा. १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावा आणि ‘मावेजाबाबत सर्व माहिती द्यावी’ असले मोघम काही लिहू नका. निवाड्याची प्रत, बाजारमूल्य ठरवताना विचारात घेतलेल्या खरेदीखतांची यादी, तुमच्या गटाचा संयुक्त मोजणीचा तक्ता आणि त्यातली झाडे, विहीर, पाइपलाइन यांच्या मूल्यांकनाची प्रत, एवढे नेमके मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे, न आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. अर्ज निवाड्याची नोटीस हाती पडताच करावा, म्हणजे सहा आठवड्यांची मुदत उत्तराची वाट पाहण्यात संपणार नाही.

बातमी खरोखरच चुकीची निघाली, तर काय? काही जण लगेच अब्रुनुकसानीच्या नोटिशीची भाषा करतात. एका चुकीच्या आकड्यासाठी तो मार्ग अव्यवहार्य आहे आणि तालुक्याच्या बातमीदाराशी असलेले संबंध कायमचे तोडणारा आहे. तो गडी बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो, दिवसात चार गावे फिरतो आणि कार्यालयातून आलेल्या पत्रकावर विसंबतो. चूक त्याच्या हातून घडते ती दुष्टाव्यातून फार क्वचित, कागद समोर नसल्यामुळे पुष्कळदा. त्याला शिव्या देण्याआधी निवाड्याचे संबंधित पान द्या. तरीही दुरुस्ती झाली नाही तर संपादकांच्या नावे पत्र लिहा आणि ते आटोपशीर ठेवा: ‘अमुक तारखेच्या अंकात, अमुक पानावरील, अमुक मथळ्याच्या बातमीत मौजे अमुक येथील मावेजा बाजारमूल्याच्या पाचपट असल्याचे म्हटले आहे. अमुक तारखेच्या निवाड्यात गुणांक १ असून दिलासा रकमेसह मावेजा दुप्पट आहे. निवाड्याच्या संबंधित पानाची प्रत सोबत जोडली आहे. दुरुस्ती त्याच पानावर प्रसिद्ध करावी.’ या पत्रात राजकारण, जुनी उणीदुणी, बातमीदाराच्या हेतूची चर्चा काही नको. संपादकाला नकार देणे अवघड जावे, एवढाच पत्राचा उद्देश आहे.

त्यानंतरची पायरी भारतीय प्रेस परिषद, नवी दिल्ली. १९७८ च्या कायद्याने चालणाऱ्या या संस्थेकडे दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांत जावी लागते, इतर नियतकालिकांना चार महिने. आधी संपादकांना लिहिलेले असणे आवश्यक आहे. कात्रण, मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद, आणि याच विषयावर कोणत्याही न्यायालयात प्रकरण चालू नसल्याचे प्रतिज्ञापन जोडावे लागते. ही शेवटची अट लक्षात ठेवा: अब्रुनुकसानीचा दावा आणि परिषदेकडे तक्रार एकाच वेळी चालत नाहीत. परिषदेचा अधिकार फक्त छापील वृत्तपत्रांवर चालतो, वाहिन्यांचे आणि पोर्टलांचे मार्ग निराळे.

प्रेस परिषद म्हणजे दात नसलेला वाघ, असे म्हणणारे चूक नाहीत. परिषद ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते, दंड करू शकत नाही. पण तिला दात देण्याचे काम सरकारकडे सोपवावे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खरा की खोटा हे केंद्राच्याच एका कक्षाने ठरवायचे, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. मावेजाच्या वादात याचे महत्त्व सरळ आहे. जे कार्यालय निवाडा देते त्याच्याच हाती बातमीच्या खरेपणाचा शिक्का गेला, तर ‘मावेजा कमी मिळाला’ ही बातमी पहिल्यांदा खोटी ठरेल. महामार्गासाठी पूर्वी जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले जात होते, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २०१९ मध्ये दिलेला निकाल किती जणांना सरकारी पत्रातून कळला? बहुतेकांना तो पेपरातूनच कळला असणार. तो आपल्या प्रकरणाला लागू होतो की नाही हे निवाड्याची तारीख आणि प्रकरण प्रलंबित आहे की मिटले आहे यावर ठरते, आणि त्यासाठी वकिलाचाच सल्ला घ्यावा. पण चौकशीला निघण्याचे कारण तरी बातमीनेच दिले.

म्हणून संपादकांना पाठवलेल्या पत्राची पोच जपून ठेवा. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, ईमेल केला असेल तर तो पुसू नका. परिषदेकडे जाताना पहिली विचारणा या पोचेची होते. दुरुस्ती छापून आली तर तिचे कात्रण मूळ बातमीच्या कात्रणाला टाचून निवाड्याच्या फाइलमध्ये लावा, आणि त्याच फाइलच्या मुखपृष्ठावर कलम ६४ च्या अर्जाची शेवटची तारीख ठळक अक्षरात लिहा.